‘ॲव्हरेज किती देते?’ : आपल्या दारातल्या गाड्यांचा पंचवीस वर्षांचा हिशेब

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या इतिहासावर लिहायला सांगितलं. नोंदणी, प्लॉटवाटप, पाण्याची टाकी, गणपतीचं मंदिर हा सगळा इतिहास सचिवांनी त्यांच्या लेखात दिलाच आहे, तो पुन्हा कशाला लिहायचा? मी बारा वर्षं खजिनदार होतो. माझ्याकडे वह्या आहेत. त्या वह्यांतून मला जो इतिहास दिसतो तो आपल्या दारात उभ्या राहिलेल्या गाड्यांचा. आणि सध्या घरोघरी एकच चर्चा चालू आहे, पेट्रोलची घ्यावी की चार्जिंगची? तेव्हा हा लेख त्याच अंगाने लिहितो.

२००० साली आतल्या रस्त्यावर मुरूम टाकायचा होता. वर्गणी कशी लावायची म्हणून आम्ही घरोघर फिरून वाहनांची यादी केली. अठ्ठावीस घरं. सायकली एकतीस, लुना आणि इतर मोपेड सहा, स्कूटर तीन, मोटारसायकली चार. चारचाकी एकही नाही. यंदा रौप्यमहोत्सवासाठी पुन्हा यादी केली तेव्हा चव्वेचाळीस घरांत मोटारसायकली आणि स्कूटी मिळून एकोणसाठ भरल्या. मोटारी अकरा, विजेवरच्या दुचाकी पाच. चालू सायकली फक्त सात, त्यातल्या पाच मुलांच्या.

बीबीत गाडीशिवाय भागत नाही हे तर आपण सगळे जाणतो. आपलं गाव मेहकर–सिंदखेडराजा–जालना रस्त्यावर, तालुका लोणार, जिल्ह्याची कचेरी बुलढाण्याला. तहसील एका दिशेला, बाजार दुसऱ्या दिशेला, दवाखाना तिसऱ्या. रेल्वे नाही. खामगाव–जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, आपल्या आजोबांनीही तिच्या बातम्या वाचल्या असतील. त्यामुळे एसटी आणि स्वतःची गाडी, एवढीच आपली दळणवळणाची व्यवस्था.

एसटीवरून आठवलं. राज्य परिवहनची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर महामंडळाची विजेवरची ‘शिवाई’ धावली. मधल्या काळात सगळा खेळ डिझेल-पेट्रोलचाच होता असं आपल्याला वाटतं, पण त्याआधीचा इतिहास वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं तेव्हा आपल्या देशात मोटारींच्या मागे भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवल्या गेल्या. माझे वडील अशा गाडीत बसलेले होते. ते सांगत, चढ आला की प्रवाशांनी उतरायचं आणि ड्रायव्हरने भट्टी ढवळायची.

विजेची गाडी ही तर त्याहून जुनी गोष्ट. १९०० साली अमेरिकेत सुमारे ४,२०० मोटारी तयार झाल्या. त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त विजेवर चालणाऱ्या होत्या, पेट्रोलच्या सगळ्यात कमी. बाकीच्या वाफेच्या. पेट्रोलची गाडी तेव्हा हँडल फिरवून सुरू करावी लागे आणि हँडल उलटं बसलं तर हात मोडे. विजेची गाडी बटण दाबलं की चालू. मग ती हरली कशी? १९०८ मध्ये फोर्डचं मॉडेल टी आलं आणि पुढे वर्षागणिक स्वस्त होत गेलं. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल सुटलं. पण मला तिसरं कारण जास्त पटतं. तिकडच्या खेड्यांत तेव्हा विजेची तार पोचलेली नव्हती. पेट्रोल मात्र डब्यात भरून कुठेही नेता येत होतं.

आपल्याकडे किराणा दुकानात पाण्याच्या बाटलीत पेट्रोल टांगलेलं असायचं, ते आठवून बघा. पंप लांब असला तरी गाडी अडत नव्हती. त्या बाटलीच्या जोरावर पेट्रोलचं राज्य आपल्या गावात टिकलं.

१९७२ हे आपल्या पिढीचं वर्ष. त्याच साली पुण्याच्या कायनेटिकची लुना आली आणि बजाजची चेतकही. पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं, तीन डॉलरचं पिंप वर्षभरात बारा डॉलरच्या घरात गेलं. पन्नास सीसीची लुना जणू त्याच दिवसांसाठी बनली होती. चेतकची गोष्ट निराळी. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. हातात गाडी आली की दुसऱ्या दिवशी तीच घेतलेल्या किमतीपेक्षा जास्तीला विकता येत असे. म्हणजे चेतक ही गाडी कमी आणि ठेव जास्त होती. माझ्या मते आपल्या लोकांच्या मनात ‘रिसेल’ हा शब्द तिथूनच पक्का बसला. आजही गिऱ्हाईक नवी गाडी घेताना जुनी झाल्यावर काय येईल ते आधी विचारतं.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. तिथून आपल्याकडे गाडीबद्दल एकच प्रश्न उरला, ‘ॲव्हरेज किती देते?’ रंग कोणता, ताकद किती, हे पुढचं. साठ की पासष्ट, यावरून पारावर भांडणं झालेली मी पाहिली आहेत. सोसायटी सुरू झाली तेव्हा पेट्रोल लिटरला तीस रुपयांच्या घरात होतं आणि तेही महाग वाटत होतं. काही लुनावाले निळं रॉकेल मिसळत. इंजिन धुराने काळं पडे, पिस्टन जाई आणि वाचवलेले पैसे मिस्त्रीच्या खिशात जात.

आता आपल्या सोसायटीतली पहिली विजेवरची स्कूटर. नव्या रहिवाशांना ती माहीत नसेल. २००८ साली दुसऱ्या ओळीतल्या एका काकांनी ती आणली, टपाल खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते ते. अडीचशे वॉटच्या आतली मोटर, ताशी पंचवीसच्या आत वेग, त्यामुळे पासिंग नको, लायसन नको. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती आता दिसतही नाही. मुलं मागे पळत. आवाज नाही म्हणून कुत्र्यांनाही कळायचं नाही गाडी आल्याचं. त्यांच्या घरच्या काकू म्हणायच्या, ‘‘आली का नाई आली, फाटक वाजलं की समजते!’’

पण ते दिवस भारनियमनाचे होते. दिवसातले दहा-बारा तास लाइट नसायची. काका रात्री अकराला उठून प्लग लावायचे, पहाटे काढायचे. बॅटऱ्या शिशाच्या, इन्व्हर्टरला असतात तसल्या. वीस महिन्यांत चारही बसल्या. नवीन सेट दहा हजारांचा. त्यांनी तो आणला आणि मला हिशेब करायला बसवलं. दहा हजार भागिले वीस महिने, म्हणजे महिन्याला पाचशे रुपये नुसत्या बॅटरीचे. पेट्रोल तेव्हा पन्नासच्या आसपास होतं. पाचशेत दहा लिटर, म्हणजे लुनावर सहाशे किलोमीटर. आणि काका महिन्यात फिरत किती? फार तर अडीचशे. लाइटबिल पकडायच्या आधीच लुना जिंकली होती. दुसरा सेट बसला तेव्हा त्यांनी गाडी भंगारात दिली. त्या एका स्कूटरमुळे आपल्या सोसायटीत पुढची बारा-तेरा वर्षं विजेच्या गाडीचं नाव कोणी काढलं नाही. मला वाटतं, त्या काळच्या बीबीपुरतं ते बरोबरच होतं. १९०० सालच्या अमेरिकन खेड्याचं आणि आपलं दुखणं एकच होतं, तार होती पण तिच्यात वीज नव्हती.

मग दोन्हीकडून परिस्थिती बदलली. भारनियमन हळूहळू कमी झालं, गावठाणाचं फीडर शेतीपासून वेगळं झालं. दुसरीकडे जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलच्या दरावरचं नियंत्रण काढलं आणि जून २०१७ पासून दर रोज सकाळी बदलू लागला. २०२१ च्या मे महिन्यात आपल्याकडे पेट्रोलने शंभरी ओलांडली. शेजारचा परभणी जिल्हा तेव्हा रोज टीव्हीवर असायचा, राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल तिथे म्हणून. पुढे केंद्राने आणि राज्याने कर थोडे कमी केले, तरी एकशे चार-पाचच्या खाली ते फारसं आलेलं नाही.

विजेच्या गाडीला शिशाऐवजी लिथियमची बॅटरी आली. जानेवारी २०२० मध्ये खुद्द चेतक विजेवर परत आली, २०२४ मध्ये लुनाही. जुनी नावं नव्या गाड्यांवर बघून माझ्या वयाच्या माणसाला गंमत वाटते. सरकारी मदतीचं गणित मात्र सतत हलतं राहिलं. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के झाला. केंद्राची ‘फेम’ योजना दुचाकीला किलोवॅट-तासामागे १५,००० रुपये देत होती, १ जून २०२३ पासून ते १०,००० झाले, आणि गाडीच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत मिळणारी मदत पंधरा टक्क्यांवर आली. २०२५-२६ मध्ये ती अडीच हजारांवर, म्हणजे गाडीमागे जास्तीत जास्त पाच हजारांवर आली. उलट २०२५ मध्ये २२ सप्टेंबरपासून लहान पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे दोघींच्या किमतींतलं अंतर पुन्हा वाढलं. ज्याने तीन वर्षांपूर्वी हिशेब केला त्याने तो आज पुन्हा करावा.

आपल्या पहिल्या गल्लीत भाड्याने राहणारा एक तरुण पिग्मी एजंट आहे. नाव छापू नका म्हणाला. मे २०२३ मध्ये, सबसिडी घटायच्या आठवडाभर आधी त्याने विजेवरची स्कूटर घेतली. आसपासच्या गावांतून दुकानदारांकडे रोज फिरतो, दिवसाला चाळीस किलोमीटर. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर वर्षाला १२,००० किलोमीटर. हिशेबासाठी मी आजच्या किमती धरतो. साठ ॲव्हरेज देणाऱ्या मोटारसायकलला वर्षाला दोनशे लिटर, म्हणजे २१,००० रुपये. त्याच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट, चार्जिंगमधली गळती धरून. वर्षाला ४२० युनिट.

इथे पुष्कळ जण चुकतात. युनिट सात रुपयांचं धरतात. महावितरणचा २०२४-२५ चा घरगुती दर पहिल्या शंभर युनिटला ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे होता, त्यावर १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि सोळा टक्के वीजशुल्क. पहिल्या शंभरातलं युनिट सातच्या आत पडतं, पुढचं सव्वातेराला. घरात फ्रिज-कूलर असेल तर गाडीचं युनिट वरच्याच टप्प्यात जाणार. म्हणून मी सव्वातेराच धरतो. तरी वर्षाचे ५,६०० रुपये होतात. एकवीस हजारांपुढे ते काहीच नाही.

पण हे नुसतं ॲव्हरेज झालं. आठ वर्षांचं बघू. मोटारसायकल रस्त्यावर यायला ९०,०००, पेट्रोल १,६८,०००, ऑइल-चेन-सर्व्हिसिंग २८,०००, शेवटी विकून २५,००० परत. निव्वळ खर्च २,६१,०००. विजेची स्कूटर १,३०,०००, वीज ४५,०००, देखभाल १२,०००. विकून काही येईल असं मी धरत नाही, कारण जुन्या विजेच्या गाडीचा बाजारच अजून आपल्याकडे बसलेला नाही. बेरीज १,८७,०००. चौऱ्याहत्तर हजार वाचले! आता बॅटरी बदलावी लागली तर साठ हजार वाढवा, २,४७,००० होतात. तरी चौदा हजारांनी विजेची गाडी पुढे. काही कंपन्या आता ८ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, पण आमचा एजंट आठ वर्षांत ९६,००० फिरणार. म्हणून बॅटरीचे पैसे बाजूला टाकत जा असं मी त्याला सांगितलं आहे.

आता माझं स्वतःचं. मी दिवसाला आठ किलोमीटर फिरतो, दूध, मंदिर, शेत. वर्षाला २,४००. आठ वर्षांत मोटारसायकलवर सगळं धरून मला १,१५,००० लागतील, विजेच्या स्कूटरवर बॅटरी न बदलताही १,४७,०००. बॅटरी तर न वापरताही म्हातारी होते. माझ्यासारख्याने आवाज आवडत नाही म्हणून घ्यावी, धूर नको म्हणून घ्यावी, पण पैसे वाचतात म्हणून घेऊ नये. ढोबळ मानाने रोज वीस किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याला पेट्रोल परवडतं. छत्तीस-सदतीसच्या वर फिरणाऱ्याला बॅटरी बदलूनही वीज परवडते. मधल्यांचं नशीब बॅटरीवर. घरावर सोलर बसवलेल्या तीन घरांना हे आकडे लागू नाहीत, त्यांनी वेगळे मांडावेत.

चारचाकीबद्दल दोन ओळी. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. मोटारीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे टोल होता, एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाला. घरी चार्ज केलेल्या विजेच्या मोटारीला किलोमीटरमागे विजेचा खर्चही साधारण तेवढाच येतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना समृद्धीवर टोलमाफी ठेवली आहे. नागपूर-संभाजीनगरच्या वाऱ्या करणाऱ्या डॉक्टरांनी हे बघावं.

वहीत न बसणारा एक खर्च राहिला. मोटारसायकल बिघडली तर स्टँडवरचा मिस्त्री तासाभरात उभी करून देतो. एजंटची स्कूटर गेल्या पावसाळ्यात बंद पडली. टेम्पोत टाकून तालुक्याबाहेर न्यावी लागली आणि नऊ दिवस तिथेच राहिली. पिग्मीवाल्याचे नऊ दिवस म्हणजे नऊ दिवसांचं कमिशन, वर दुकानदारांची बोलणी. मी विचारलं, पुन्हा पेट्रोलची घेशील का? तो म्हणाला, ‘‘नाई काका. गाडीचा हप्ता पगारातून नाई भरत मी, पेट्रोलातून भरतो. पेट्रोल घ्याले लागलो तर हप्ता काहून भरू अन् कशातून भरू?’’

आणि इथेच सोसायटीचा प्रश्न येतो. शहरातल्या फ्लॅटवाल्यांना चार्जिंगची जागा नसते. आपली प्लॉटची सोसायटी, प्रत्येकाच्या घराला मीटर, दारात गाडी. आपल्याला अडचण यायचं कारण नव्हतं. पण हिशेबाने जिला विजेची गाडी सगळ्यात जास्त परवडते ती माणसं भाडेकरू आहेत. घरमालकाने चार्जिंगला नाही म्हटलं. मग तत्कालीन सचिवांच्या तोंडी परवानगीने हा मुलगा बोअरच्या खोलीतल्या बोर्डावर, म्हणजे आपल्या सामाईक मीटरवर, गाडी लावू लागला. महिन्याला दोनशे रुपये देत होता, एकदाही चुकवले नाहीत. यंदा बिलं तपासताना नव्या खजिनदारांनी त्याचं युनिट मोजलं. महिन्याला पस्तीस, बिलाच्या सरासरीने बारा रुपये युनिट, म्हणजे चारशे वीस. दोनशे वीस रुपये दर महिन्याला सगळे सभासद मिळून भरत होते.

सर्वसाधारण सभेत यावर दीड तास गेला. इतका वेळ आपण टाकीच्या गळतीवरही कधी घालवला नाही. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तो सभासद नाही, उद्या दहा भाडेकरू आले तर काय, पंपाच्या खोलीत ओल असते, आग लागली तर जबाबदार कोण? २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरी पेटल्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यानंतर बॅटरीचे सरकारी नियम कडक झाले हे मी सांगितलं, पण ओल्या खोलीत चार्जिंग नको हे मलाही मान्य होतं. दुसरी बाजू अशी की सामाईक दिव्याखाली आपण सगळे बसतो, तेव्हा युनिट कोणी मोजत नाही. एक ताई म्हणाल्या, ‘‘पोरगं आपल्याच दुकानांची पिग्मी गोळा करते, त्याची गाडी बंद पडली तर नुकसान कोणाचं?’’

एकतीस जण हजर होते. एकोणीस विरुद्ध बारा मतांनी ठराव झाला. पंपाच्या खोलीबाहेर, पत्र्याच्या शेडखाली, जमिनीपासून चार फुटांवर सोळा अँपियरचा वेगळा पॉइंट, त्याला अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी आणि सबमीटर. त्या महिन्याच्या बिलात युनिट ज्या दराने पडेल त्याच दराने पैसे, वर ना सूट ना नफा. चार्जिंग रात्री दहा ते सकाळी सहा, म्हणजे पंप चालू नसताना आणि उन्हाचा ताप नसताना. गाड्या चारांहून जास्त झाल्या तर महावितरणच्या वाहन चार्जिंगच्या वेगळ्या दरगटात स्वतंत्र जोडणी मागायची. जुना फरक वसूल करायचा की नाही यावर पुन्हा मतं घेतली. तो सोडून देण्यात आला.

पॉइंट बसवायला ६,४०० रुपये लागले. पहिल्या महिन्याचं रीडिंग ३६ युनिट, मुलाने ४३२ रुपये भरले, पावती फाडली. शेडखाली आता दुसरी गाडीही लागते आहे. ती त्या घरमालकाच्या सूनबाईंची, कारण त्यांच्या घरच्या मीटरवर युनिट सव्वातेराला पडतं आणि इथे बाराला. यावर पुढच्या सभेत बोलणं होणार हे नक्की, विषय क्रमांक पाच म्हणून तो आलेलाही आहे.